बेशरमीच्या काडीवरचा खरखरीत थर: शेवाळ, मासोळीची अंडी की प्राणी?

भाऊ, तुम्ही विचारलंत ते आधी थोडक्यात मांडतो. भंडारा जिल्ह्यातल्या तुमच्या गावच्या मामा तलावाचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचं, पाणी एप्रिलात उतरलं की बुडालेल्या बेशरमीच्या झुडपाच्या काड्यांवर आणि तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, दगडांवर हिरवट-राखाडी, भोकाभोकांचा थर उघडा पडतो. हाताला लागला की खाज सुटते. वाळला की चुरा होतो आणि आत खसखशीहून बारीक पिवळट गोळ्या निघतात. गावात कोणी त्याला शेवाळ म्हणतं, कोणी मासोळीची अंडी. फोटो पाहून एकाने स्पंज सांगितलं. त्यावर अकरावीतल्या तुमच्या मुलीने विचारलं की याला तोंड नाही, पोट नाही, मेंदू नाही, मग हा प्राणी कसा? आणि सगळ्या प्राण्यांची सुरुवात यातूनच झाली असं पुस्तकात आहे, ते खरं का? मासोळीला यापासून धोका आहे का, हा तुमचा शेवटचा प्रश्न.

वर्णनावरून हा गोड्या पाण्यातला स्पंजच वाटतो. खाज आणि गोळ्या या दोन खुणा एकत्र आल्या की दुसरं फारसं काही उरत नाही. तरी फोटोवरून मी कधीच नक्की सांगत नाही, आणि जात तर मुळीच नाही. ती ओळखायची रीत पुढे देतो. मुलीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. वरवर तो स्पंजाबद्दल दिसतो, पण ‘प्राणी’ म्हणताना आपण नेमकं काय मोजतो, हे तिला विचारायचं आहे. आपण डोळे, पाय, तोंड मोजतो. स्पंजाला ते मोजमाप लावलं की उत्तर चुकणारच.

आधी ओळख. रंगावर जाऊ नका. एकाच तलावात, एकाच जातीचा स्पंज उन्हात हिरवा आणि दगडाच्या पोटाखाली फिकट पिवळा किंवा राखाडी असू शकतो, कारण हिरवा रंग त्याचा स्वतःचा नसतो. त्याच्या पेशींच्या आत क्लोरेलासारखं एकपेशीय शैवाल भाडेकरूसारखं राहतं. सावलीत ते टिकत नाही. आकारावरही जाऊ नका. काडीवर तो काडीचा आकार घेतो, सपाट दगडावर पापडासारखा पसरतो, संथ पाण्यात जागा मिळाली तर गोळा होऊन वाढतो.

हाताने बघायचं तर असं. शेवाळ ओढलं की तंतू निघतात. स्पंज ओढला की तुकडा पडतो आणि बोटाला बारीक वाळू लागल्यासारखं खरखरतं. मासोळीची अंडी पारदर्शक, बुळबुळीत, आणि चार-दोन दिवसांत फुटून जाणारी. महिनोन्‌महिने काडीला चिकटलेला थर अंड्यांचा नसतो. खरा घोटाळा होतो तो ब्रायोझोआ नावाच्या दुसऱ्या वसाहती करून राहणाऱ्या प्राण्याशी. तोही काड्यांवरच वाढतो. पण त्याचा थर फांद्या फुटलेल्या बारीक तपकिरी नळ्यांचा किंवा जेलीसारखा असतो, आणि त्याचे टिकाऊ दाणे चपटे, कडेला पट्टी असलेले, टिकलीसारखे दिसतात. स्पंजाच्या गोळ्या मोहरीसारख्या गोल असतात. भिंगातून एकदा दोन्ही पाहिले की पुन्हा गल्लत होत नाही.

खात्री करायची तर ब्लीच. नखाएवढा वाळलेला तुकडा काचेच्या लहान बाटलीत घ्या, तो बुडेल इतकं घरगुती द्रव ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घाला आणि झाकण सैल ठेवून रात्रभर खिडकीत ठेवा. पेशी, चिखल, शैवाल विरघळून जातं आणि तळाशी पांढरी भुकटी बसते. वरचं पाणी अलगद ओता, स्वच्छ पाणी घाला, भुकटी पुन्हा बसू द्या. असं चार वेळा करा. घाई केली तर ओतण्याबरोबर सगळा ऐवज मोरीत जातो. दर वेळी अर्धा तास तरी थांबा. मग एक थेंब काचपट्टीवर वाळवून शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली शंभरपट मोठा करून बघा. दोन्ही टोकांना निमुळत्या काचेच्या सुया दिसल्या की वाद संपला. याच कंटिका. स्पंजाचा सांगाडा याच सुयांचा, आणि तुमच्या हाताची खाजही यांचीच.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे ब्लीच मिळालं नाही म्हणून ग्रामपंचायतीतली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरणं. तिच्यात चुना असतो. तो तळाशी पांढरा बसतो आणि ‘सापडल्या सुया’ असं वाटतं. दुसरी चूक धोक्याची आहे. तो चुना घालवायला कोणी त्यातच लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं ॲसिड ओततं. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तर अजिबात नको. मुलीला हे करायला सांगण्याआधी एवढं बजावून सांगा.

जात ओळखायची तर मोठ्या सुया कामाच्या नाहीत; त्या बहुतेक जातींत सारख्याच दिसतात. गोळ्यांच्या कवचातल्या बारीक कंटिका बघाव्या लागतात. एफिडाशिया वंशात त्या बंडीच्या आसासारख्या असतात: मधे दांडा, दोन टोकांना दातेरी चाकं. युनापियस कार्टेरी या भारतात पुष्कळ ठिकाणी आढळणाऱ्या जातीत गोळीभोवती हवेच्या कप्प्यांचा जाड थर असतो, म्हणून तिच्या गोळ्या पाण्यावर तरंगतात. म्हणून नमुन्यात गोळ्या नसतील तर मी ‘गोड्या पाण्यातला स्पंज’ एवढंच लिहितो, पुढे नाव लावत नाही. कार्टर हे नाव लक्षात ठेवा. हेन्री जॉन कार्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात डॉक्टर होता, आणि १८४० च्या दशकात त्याने मुंबईच्या तळ्यांतल्या स्पंजांचा बारकाईने अभ्यास केला. तो पुढे आणखी एकदा येणार आहे.

आता हा जगतो कसा. स्पंजाला एक मोठं तोंड नाही, पण हजारो बारीक छिद्रं आहेत. दहावीच्या पुस्तकात त्याला रंध्रीय प्राणीसंघ म्हणतात ते त्यावरूनच. पाणी छिद्रांतून आत शिरतं, कालव्यांनी सूक्ष्म कोठड्यांत जातं, तिथून दुसऱ्या कालव्यांनी गोळा होऊन एका मोठ्या तोटीतून बाहेर पडतं. कोठडी केसाच्या जाडीपेक्षाही लहान. तिच्या भिंतीला कॉलर पेशी बसवलेल्या असतात. प्रत्येक पेशीला एक शेपटी, म्हणजे कशाभिका, आणि तिच्या बुडाशी बारीक बोटांची गोल कॉलर. शेपटी हलली की पाणी कॉलरमधून ओढलं जातं, बॅक्टेरिया कॉलरला अडकतात आणि पेशी त्यांना गिळते. पोट नाही ते यामुळे. जेवण पेशीच्या आतच पचतं.

पण एवढ्या नाजूक शेपट्यांनी पाणी ढकललं कसं जातं? धानाच्या भागातल्या माणसाला हे समजवायला सोपं आहे. नहरात पाणी जोरात वाहतं. पाटचाऱ्यांत फुटलं की मंदावतं, आणि बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतात, पसरलं की जवळजवळ थांबतं, कारण नहराच्या मानाने बांध्यांची एकूण रुंदी कितीतरी जास्त. स्पंजात तेच. कोठड्या एक-एक लहान, पण सगळ्यांचा मिळून काटछेद प्रचंड, म्हणून तिथे पाणी अगदी सावकाश सरकतं आणि कॉलरला बॅक्टेरिया टिपायला वेळ मिळतो. बाहेर जाताना सगळं पाणी एका तोटीत येतं, वेग वाढतो, आणि वापरलेलं पाणी लांब फेकलं जातं. नाहीतर स्पंज स्वतःचंच उष्टं पुन्हा पुन्हा पीत बसला असता. ल्युकोनिया या समुद्री स्पंजाचं उदाहरण पाठ्यपुस्तकांत देतात: १० सेंटिमीटर उंच, १ सेंटिमीटर जाड, कोठड्या २० लाखांहून जास्त, आणि दिवसाला सुमारे २२.५ लिटर पाणी आरपार. म्हणजे करंगळीएवढा जीव रोज घागरभराहून जास्त पाणी गाळतो.

हा प्रवाह डोळ्यांनी बघता येतो, आणि स्पंज हा प्राणी असल्याची जुनी साक्षही हीच. तोटीतून पाणी सतत बाहेर पडतं हे रॉबर्ट ग्रँटने १८२५ च्या सुमारास एडिनबर्गला नीट पाहून मांडलं. त्याआधी बरेच जण स्पंजाला वनस्पतीत धरत. करायचं असं. जिवंत स्पंज काडीसकट, पाण्याखालीच, मोठ्या तोंडाच्या बरणीत सरकवा. हवेत उचलू नका. हवेचे बुडबुडे कालव्यांत अडकतात आणि तो भाग मरतो. बहुतेकांचे प्रयोग इथेच फसतात. घरी काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात, तलावाच्याच पाण्यात, सावलीत ठेवा. तांब्याचं भांडं नको, तांबं अशा जीवांना विष ठरतं. नळाचं क्लोरीनवालं पाणीही नको. हलवाहलवीने स्पंज आक्रसतो आणि पंप बंद ठेवतो, म्हणून निदान पाच-सहा तास हात लावू नका. मग तलावाच्याच पाण्यात पातळ केलेल्या दुधाचा एक थेंब ड्रॉपरने स्पंजापासून दोन-तीन मिलिमीटरवर अलगद सोडा. दूध पृष्ठभागाकडे ओढलं जाताना दिसेल. तोटी पारदर्शक चिमणीसारखी, काही मिलिमीटरची असते; बाजूने टॉर्च मारला तर तिच्या तोंडाशी कण उसळताना दिसतात. दुधाचे दोन थेंब पुरे. जास्त घातलं तर रात्रीतून पाणी नासतं.

मेंदू नाही, तरी त्याला कळतं. एफिडाशिया मुलेरी या जातीवर बराच अभ्यास झाला आहे. पाण्यात गाळ झाला की ती आधी फुगते, मग आक्रसून कालवे झटकते. शिंकच ती, फक्त अर्धा-पाऊण तास चालणारी. मज्जातंतू नसताना हा निरोप पेशीकडून पेशीकडे जातो, आणि त्यात ग्लुटामेट भाग घेतं, जे आपल्या मेंदूतही निरोपाचं काम करतं. तोटीच्या कडेला आखूड केसांसारख्या पापण्या असतात. पाणी वाहतं की नाही ते त्यांना कळतं.

तर मुलीला पहिलं उत्तर असं द्या. स्पंज अन्न तयार करत नाही, दुसऱ्याला खातो. त्याच्या पेशींना वनस्पतीसारखी भिंत नाही. पेशींना बांधून ठेवणारं कोलॅजन त्याच्याकडे आहे, तेच जे आपल्या कातडीत आणि कुर्च्यांत असतं. तो अंडं आणि शुक्रपेशी बनवतो, त्यातून गर्भ होतो, पोहणारं पिल्लू होतं, आणि ते जागा धरून बसलं की स्पंज बनतं. डोळे-पाय ही नंतरची भर.

आता दुसरा भाग: सुरुवात यातूनच झाली का? इथे मला थोडं सावध बोलावं लागेल, कारण पुस्तकातलं वाक्य अर्धं बरोबर आहे.

डबक्याच्या आणि समुद्राच्या पाण्यात कोअॅनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव असतात. एक शेपटी, बुडाशी कॉलर, कॉलरला अडकलेले बॅक्टेरिया गिळायचे. स्पंजाची कॉलर पेशी सुटी करून पाण्यात सोडली तर तशीच दिसेल. हे साम्य हेन्री जेम्स-क्लार्कने १८६० च्या दशकातच टिपलं होतं. पुढे जनुकं वाचता आली तेव्हा प्राण्यांचे सगळ्यात जवळचे एकपेशीय नातलग हेच निघाले. २००८ मध्ये मोनोसिगा ब्रेविकॉलिस या जातीचा जनुकसंच जाहीर झाला, त्यात कॅडेरिनची जनुकं सापडली. प्राण्यांत पेशी एकमेकींना चिकटतात त्या कॅडेरिनच्या जोरावर. एकट्या राहणाऱ्या जीवाकडे हे प्रथिन कशाला? बहुधा बॅक्टेरिया धरायला किंवा पृष्ठभागाला चिकटायला. म्हणजे घर बांधायच्या आधीपासून विटा अंगणात पडलेल्या होत्या, फक्त कामाला दुसऱ्या लावलेल्या.

विटांची गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. कॅप्सास्पोरा नावाचा अमिबासारखा जीव गोड्या पाण्यातल्या गोगलगायीच्या अंगात सापडला. त्याच्याकडे इंटेग्रिन आहे, म्हणजे आपल्या पेशींना भोवतालच्या जाळ्याशी बांधणारं प्रथिन. आणि २०१० मध्ये ग्रेट बॅरियर रीफवरच्या अॅम्फिमेडॉन क्वीन्सलँडिका या स्पंजाचा जनुकसंच आला, त्यात पेशी चिकटवणं, एकमेकींना निरोप देणं, बिघडलेल्या पेशीने स्वतःहून मरणं, या सगळ्याची सामग्री मिळाली. मज्जातंतूंच्या जोडणीत लागणारी काही प्रथिनंही, मज्जातंतू नसताना.

पण पेशी एकत्र आल्या कशासाठी? एक कारण प्रयोगात दिसलं आहे. क्लोरेला हे एकपेशीय शैवाल, म्हणजे तुमच्या हिरव्या स्पंजातल्या भाडेकरूचंच नात्यातलं, त्याला खाणाऱ्या एका शेपटीवाल्या जीवाबरोबर वाढवलं गेलं. थोड्याच पिढ्यांत एकमेकींना चिकटून राहणाऱ्या पेशींचे पुंजके वरचढ झाले, आणि शेवटी आठ पेशींचा पुंजका टिकला: खाणाऱ्याच्या घशात न मावण्याइतका मोठा, तरी प्रत्येक पेशीला उजेड मिळण्याइतका लहान. कोअॅनोफ्लॅजेलेटमध्ये वेगळीच गंमत आहे. सॅल्पिंगोएका रोझेटा ही जात एका विशिष्ट बॅक्टेरियाच्या चरबीसारख्या रेणूचा वास लागला की फुलासारखी गोल वसाहत करते. अन्नच संसाराला कारण झालं म्हणा ना.

या ठिकाणी लोक घसरतात, म्हणून जरा थांबतो. १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सनने समुद्रातला जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून दाबून पेशी सुट्या केल्या. त्या पाण्याच्या तळाशी रांगत एकत्र आल्या, गोळे झाले आणि पुन्हा स्पंज उभा राहिला. प्रयोग इतका देखणा की ऐकणारा लगेच म्हणतो, म्हणजे सुरुवातीला सुट्या पेशी अशाच जमल्या असतील! तसं समजू नका. आठवडी बाजारात जमलेली माणसं आणि एका चुलीवर जेवणारं घर यात जो फरक, तोच इथे आहे. रोझेटाची वसाहत बाहेरून जमून होत नाही. एक पेशी विभागते आणि लेकी घर सोडत नाहीत. सगळ्या एकाच आईच्या, म्हणून भांडण नाही. काहींनी फक्त पाणी ओढायचं, काहींनी सुया घडवायच्या, आणि पुढची पिढी तिसऱ्यांनी जन्माला घालायची, हा सौदा फक्त अशाच घरात पटतो. बाजारासारखं जमून शरीर करणारे जीवही आहेत, मातीतला डिक्टिओस्टेलियम हा बुरशीसारखा दिसणारा अमिबा त्यातला. पण तिथे फुकटे शिरतात, म्हणजे त्या शरीराचा देठ होण्याचं कष्टाचं काम टाळून थेट बीजाणूत जाऊन बसणाऱ्या पेशी. प्राणी जवळजवळ नेहमी एका अंड्यापासून सुरू होतो, त्याचं एक मोठं कारण हे. विल्सनच्या प्रयोगातून पेशी एकमेकींना ओळखतात कशा, आणि त्यांना कोणतंही काम अंगावर घेता येतं, हे कळतं. उगमाची गोष्ट त्यात नाही.

बहुपेशीय होणं ही प्राण्यांचीच मक्तेदारी नाही, हेही मुलीला तलावातच दाखवता येईल. पावसाळ्यानंतर हिरवट पाण्याच्या थेंबात कधी कधी व्हॉल्व्हॉक्सचे गरगर फिरणारे हिरवे गोळे मिळतात. व्हॉल्व्हॉक्स कार्टेरी या जातीत सुमारे २,००० पेशी पोहण्याचं काम करतात आणि फार तर सोळा पेशी प्रजननाचं. हा कार्टर म्हणजे तोच मुंबईचा. प्राणी, जमिनीवरच्या वनस्पती, बुरशी, समुद्रातलं तपकिरी शैवाल आणि व्हॉल्व्हॉक्स हे सगळे आपापल्या वाटेने स्वतंत्रपणे बहुपेशीय झाले.

आता पुस्तकातल्या वाक्याचा चुकीचा अर्धा भाग. आजचा स्पंज आपला पूर्वज नाही, चुलत घराणं आहे. फाटा फुटल्यापासून त्याच्या बाजूलाही तेवढीच वर्षं गेली. तुमच्या तलावातला स्पंज तर मूळचा समुद्री घराण्यातला, फार नंतर गोड्या पाण्यात आलेला. वाळलेल्या तळ्यात तग धरण्याची त्याची कला नवीन आहे. दुसरं, प्राण्यांच्या झाडाची सगळ्यात खालची फांदी स्पंजांची की टेनोफोरांची, हा वाद चालूच आहे. टेनोफोर म्हणजे कंगव्यासारख्या पट्ट्यांनी पोहणारे जेलीसारखे समुद्री प्राणी. २००८ मध्ये जनुकांच्या एका मोठ्या तुलनेत ते सगळ्यात आधी फुटलेले निघाले, नंतरच्या काही विश्लेषणांत पुन्हा स्पंज, आणि २०२३ मध्ये गुणसूत्रांवरच्या जनुकांच्या मांडणीवरून पुन्हा टेनोफोर. टेनोफोरांना मज्जातंतू आहेत. म्हणजे ते खरे पहिले असतील तर मज्जातंतू एक तर दोनदा घडले, नाहीतर स्पंजांनी ते गमावले. उत्तर कोणती पद्धत वापरता यावर अजून हलतं. तिसरं, २०१९ मध्ये स्पंजाच्या वेगवेगळ्या पेशींत कोणती जनुकं चालू असतात ते तपासलं, तेव्हा कॉलर पेशीचं कोअॅनोफ्लॅजेलेटशी दिसण्याइतकं साम्य निघालं नाही. त्यामुळे पहिला प्राणी म्हणजे नुसता कॉलर पेशींचा चेंडू नसून रूप बदलू शकणाऱ्या पेशींचा समूह असावा, हा विचार बळावला. मला तो जास्त पटतो, कारण स्पंजाच्या अंगातली खरी कर्तीसवरती पेशी कॉलर पेशी नाहीच. ती आर्किओसाइट, जी गरज पडेल ते काम उचलते.

काळाचं विचाराल तर स्पंजाच्या सुयांचे निर्विवाद जीवाश्म कॅम्ब्रियनच्या सुरुवातीचे, म्हणजे ५३ कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचे आहेत. त्याहून जुने दावे आहेत. २०२१ मध्ये कॅनडातल्या ८९ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात स्पंजासारखी जाळी दाखवली गेली. ती स्पंजाचीच का, यावर एकमत नाही. परीक्षेत तिने पहिला आकडा लिहावा.

तुमच्या गोळ्यांकडे येतो. त्यांना जेम्यूल म्हणतात. पाणी आटायला लागलं की आर्किओसाइट पेशी साठ्याचं अन्न भरून घेतात, गठ्ठ्याने एकत्र येतात आणि भोवती कंटिकांनी मजबूत केलेलं कवच तयार होतं. बाकीचा स्पंज मरतो. उरलेला खरखरीत चुरा म्हणजे त्याचा सांगाडा. मे महिन्याच्या ४५ अंशांत या गोळ्या काडीवर पडून असतात. पावसाने तलाव भरला की कवचाच्या लहान तोंडातून पेशी बाहेर येतात आणि नवा स्पंज पसरतो. त्या बिया नाहीत आणि अंडीही नाहीत, कारण यात नर-मादी काही नाही. तोच जुना जीव पुन्हा सुरू होतो. अंड्या-शुक्राची रीत तो वेगळी पाळतो.

मासोळीचं: धोका नाही. रोहू-कटल्याच्या अन्नावर याने फरक पडत नाही, पाणी विषारी होत नाही. गाळ फार असेल तर स्पंजच टिकत नाही, छिद्रं बुजतात. त्रास होतो तो दोन ठिकाणी. मोटारीच्या फुटव्हॉल्व्हच्या जाळीवर थर चढला तर पाणी कमी ओढलं जातं. जाळी वाळवून परत सोडली तर उपयोग नाही, कारण वाळवण्याने जेम्यूल मरत नाहीत. खरवडून चुरा तलावापासून दूर टाका. दुसरा त्रास डोळ्यांचा. वाळलेला चुरा उडवू नका, हात न धुता डोळे चोळू नका. सुई काचेचीच असते, बुबुळाला लागते. ब्राझीलमध्ये अरागुआया नदीकाठी स्पंजाच्या सुयांनी डोळ्यांना इजा झाल्याची नोंद आहे. डोळ्यात गेलाच तर न चोळता भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा. हाताची खाज साबणाने धुतल्यावर सहसा थांबते.

मुलीला करून बघायचं असेल तर सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त शिकवणारं म्हणजे जेम्यूल उगवणं. आत्ता, तलाव भरायच्या आधी, गोळ्यांसकट वाळलेला थर कागदी पुडीत ठेवा, पुडीवर गाव, तारीख आणि काडी की दगड ते लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहते, बुरशी येते. प्रयोग मृगाचा पाऊस पडून हवा निवल्यावर, रोवणीच्या सुमारास करा. मेच्या उकाड्यात बशीतलं पाणी तापतं आणि उगवलेलं सडतं. थर ओला करून सुती कापडावर बोटाने हलके घासला की गोळ्या सुट्या होतात. सांगाड्याचा चुरा जितका जाईल तितका घालवा, कारण सडतं ते तेच. स्वच्छ पाण्यात तीन-चारदा धुऊन एका बशीत दहा-बाराच गोळ्या, एकमेकींपासून बोटभर लांब ठेवा. पाणी तलावाचं, दुहेरी मलमलीतून गाळलेलं. आरओचं पाणी वापरू नका. त्यात क्षार आणि सिलिका उरत नाही, मग सुया कशाच्या घडणार? बशी झाकून घरातल्या थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा आणि पहिले दोन दिवस हलवू नका, कारण गोळी तळाला चिकटायची असते.

सगळं जमलं तर तीन-चार दिवसांत गोळीभोवती पांढुरकं वलय दिसतं. त्या बाहेर आलेल्या पेशी. आठवड्याभरात वलय पसरून काचेसारखं पातळ होतं, आत कालव्यांची नक्षी दिसते, आणि मधे कुठेतरी चिमणी उभी राहते. वलय आल्यावर दर दोन दिवसांनी निम्मं पाणी बदला. सगळं एकदम नको. भिंगातून सुया उभ्या राहतानाही दिसतील, तंबूचे बांबू रोवावेत तशा. काही गोळ्या उगवणारच नाहीत, तेवढं चालतं. एकही गोळी उगवली नाही तर आधी बशीतलं पाणी दुपारी किती तापतं ते बोट घालून बघा, मग आणलेली पुडी गेल्या वर्षीची तर नाही ना, ते विचारा.